दमसासाच्या सरावातील नाडीगती

लांब पल्ल्याचे पळणे किंवा सायकलिंग यांसाठी केलेल्या हलक्या सरावात हृदयाचे ठोके मिनिटाला किती असावेत, याचा पट्टा. धावपटू त्याला सरसकट ‘झोन टू’ म्हणतात. हे नाव फसवे आहे. मनगटी घड्याळे नाडीगतीचे पाच झोन म्हणजे टप्पे पाडतात; त्यांत दुसरा झोन हलका असतो. क्रीडाशास्त्रातल्या तीन झोनांच्या वाटणीत मात्र दुसरा म्हणजे चांगलाच दमवणारा, आणि हलका सराव पहिल्यात मोडतो.

या पट्ट्याची वरची हद्द म्हणजे रक्तातले लॅक्टेट (स्नायू साखर वापरताना तयार होणारा पदार्थ) विश्रांतीच्या पातळीवरून वर सरकू लागते ती जागा. तिच्या खाली राहून महिनोन्‌महिने सराव केला की स्नायूंत केशवाहिन्या आणि तंतुकणिका (पेशीतली ऊर्जा तयार करणारी केंद्रे) वाढतात, हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलते. अव्वल खेळाडूंची सुमारे 80 टक्के सत्रे अशी हलकी असतात, असे क्रीडाशास्त्रज्ञ स्टीफन सायलर यांना आढळले. हौशी धावपटूंचे नेमके उलटे होते. रोजचे पळणे ना धड हलके, ना धड जोराचे.

लॅक्टेट मोजणे प्रत्येकाला शक्य नसते, म्हणून सूत्रे आली. कमाल नाडीगतीसाठी ‘220 वजा वय’ सर्वांत प्रसिद्ध. संशोधक तनाका आणि सहकाऱ्यांनी 2001 मध्ये ‘208 वजा वयाच्या 0.7 पट’ सुचवले. चाळिशीच्या माणसाला दोन्ही 180 च सांगतात, पण त्याची खरी कमाल गती त्याहून दहा-बारा ठोके इकडेतिकडे असू शकते. त्याची विश्रांतीची नाडी 60 धरू. कमाल गतीच्या 60 ते 70 टक्के घेतले तर पट्टा येतो 108 ते 126. फिनलंडच्या कार्व्होनेन यांच्या पद्धतीत (1957) कमाल गतीतून विश्रांतीची गती वजा करतात, बाकीचे तेवढेच टक्के काढतात आणि विश्रांतीची गती पुन्हा मिळवतात: 132 ते 144. दमसासाचे प्रशिक्षक फिल मॅफेटोन यांची ‘180 वजा वय’ ही मर्यादा 140. माणूस एक, आकडे तीन. म्हणून शेवटचा निवाडा श्वासाकडे. सोबत्याशी पूर्ण वाक्यात बोलता आले तर ठीक. दोन शब्दांवर धाप लागली, तर घड्याळ काहीही म्हणो, वेग जास्त आहे. पूर्ण वाक्य जेमतेम बोलता येते, त्या वेळी दिसणारा आकडाच आपली हद्द समजावी.

साताऱ्यात ही हद्द पाळणे म्हणजे अहंकाराची परीक्षा. समर्थ मंदिर मागे पडून यवतेश्वर घाट लागला की नवख्याची नाडी दोन-तीन मिनिटांत पट्ट्याबाहेर जाते, आणि उपाय एकच: चालणे. 2012 पासून होणारी सातारा हिल हाफ मॅरेथॉन याच घाटाने वर जाऊन परत उतरते, त्यामुळे सरावालाही अनेक जण घाटातच धावतात. हलक्या दिवशी त्यापेक्षा सपाट मैदानावरच्या फेऱ्या बऱ्या. उतारावर गंमत उलटी. नाडी खाली येते, मांड्या मात्र प्रत्येक पावलाला ब्रेक लावून सोलवटून निघतात. तिथे कमी आकडा म्हणजे हलके काम नव्हे.

सांगलीत कृष्णाकाठची सपाटी सोयीची, पण एप्रिल-मेमध्ये उन्हाची अडचण. घामाने रक्तातला द्रव घटतो, त्वचा थंड ठेवायला जास्त रक्त तिकडे वळते, आणि वेग तोच असूनही तासाभरात नाडी वर सरकते. अशा वेळी पहाटे निघावे, नाहीतर वेग कमी करावा.

मनगटावरचे घड्याळ कधी ठोक्यांऐवजी पावलेच मोजते. हलक्या पळण्यात एकदम 170 दिसले की घड्याळाचा पट्टा घट्ट करून पाहावा, किंवा थांबून लगेच मनगटाची नाडी 15 सेकंद मोजून चारने गुणावे. छातीला बांधायचा नाडीमापक पट्टा अधिक भरवशाचा. रक्तदाबासाठी बीटा-ब्लॉकर गोळ्या चालू असणाऱ्यांना वरची सूत्रे लागू पडत नाहीत, कारण त्या गोळ्या नाडीच खाली ठेवतात. त्यांनी श्वासावर चालावे आणि मर्यादा डॉक्टरांकडून ठरवून घ्यावी.