हिमोग्लोबिन : ऑक्सिजन धरण्याची आणि सोडण्याची गोष्ट

शिरेतून येणारे रक्त काळपट असते, धमनीतून उसळणारे लालभडक. हा फरक वैद्यांना फार पूर्वीपासून दिसत होता. 1669 मध्ये इंग्लंडच्या रिचर्ड लोअरने दाखवून दिले की रंग बदलतो तो हृदयात नव्हे, फुप्फुसांत. भात्याने हवा भरलेल्या फुप्फुसांतून त्याने काळपट रक्त खेळवले आणि ते लाल होऊन बाहेर आले.

हवेतला जो घटक रक्तात शिरतो तो ऑक्सिजन, हे उमगायला आणखी शंभर वर्षे गेली. श्वसन म्हणजे मंद ज्वलन, असे फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिएने मांडले. हे ज्वलन फुप्फुसांत होते, अशी त्याची समजूत होती. गणितज्ञ लाग्रांजला ते पटेना. सगळी उष्णता एकाच जागी निर्माण झाली तर फुप्फुसांचे काय होईल? मला ही शंका या साऱ्या इतिहासात कळीची वाटते. ज्वलन शरीरभर होत असेल, तर ऑक्सिजन तिथवर कोणीतरी पोहोचवायला हवा. 1837 मध्ये बर्लिनच्या गुस्ताव मॅग्नसने रक्तातले वायू निर्वात पंपाने काढून मोजले, तेव्हा धमनीतल्या रक्तात ऑक्सिजनचे प्रमाण जास्त भरले.

पण रक्तातल्या द्रवात ऑक्सिजन फार थोडा विरघळतो, लिटरमागे जेमतेम 3 मिलिलिटर. प्रत्यक्षात एक लिटर रक्त सुमारे 200 मिलिलिटर ऑक्सिजन नेते. एवढा फरक पाडते ते तांबड्या पेशींमधले रंगद्रव्य. जर्मनीत होप-झायलरने 1864 मध्ये त्याला हिमोग्लोबिन हे नाव दिले. त्याच वर्षी केंब्रिजच्या स्टोक्सने दाखवले की ऑक्सिजन काढून घेतला की हे द्रव्य जांभळट होते आणि हवेत हलवले की पुन्हा लाल.

इथे एक गोष्ट थांबून पाहण्यासारखी आहे. हिमोग्लोबिनच्या गाभ्यात लोह आहे, आणि लोहाला ऑक्सिजन भेटला की गंज चढतो. तसे इथे झाले, तर ते लोह ऑक्सिजन वाहण्याच्या कामाचे राहत नाही. प्रथिनाच्या घडीत दडलेले लोह मात्र गंजत नाही. ऑक्सिजन त्याला चिकटतो आणि जसाच्या तसा सुटतो.

तो सुटतो कसा, हाच अवघड प्रश्न होता. घट्ट धरणारा रेणू पेशींपाशी ऑक्सिजन देणार नाही, सैल धरणारा फुप्फुसांत घेणार नाही. कोपनहेगनमध्ये क्रिस्तियान बोर (पुढे अणूच्या रचनेसाठी गाजलेल्या नील्स बोर यांचे वडील) हे मोजत होता. ऑक्सिजनचा दाब वाढवत गेल्यावर हिमोग्लोबिन किती भरते याचा आलेख सरळ न येता इंग्रजी एस अक्षरासारखा वळला. फुप्फुसांत पाऱ्याच्या 100 मिलिमीटर दाबाला हिमोग्लोबिन 97 टक्क्यांच्या आसपास भरते. 40 मिलिमीटरला ते 75 टक्के भरलेले उरते, आणि राबणाऱ्या स्नायूत दाब 20 पर्यंत उतरला की फक्त तिसरा हिस्सा. शिवाय 1904 मध्ये हॅसेलबाल्ख आणि क्रोग या सहकाऱ्यांसह त्याने दाखवले की कार्बन डायऑक्साइड वाढला की पकड आणखी ढिली होते. म्हणजे जी पेशी जास्त राबते, तिलाच जास्त ऑक्सिजन मिळतो.

आलेखाच्या या वळणामागचे कारण अंधुक दिसू लागले 1925 मध्ये. एका रेणूत ऑक्सिजनला चार जागा असतात, हे अडेअरने ठरवले. पहिली जागा भरली की उरलेल्या भरणे सोपे होते. पण दूर बसलेल्या जागांना एकमेकींची खबर लागते कशी?

1938 मध्ये प्रागला फेलिक्स हाउरोवित्झ सूक्ष्मदर्शकाखाली ऑक्सिजनविरहित हिमोग्लोबिनचे स्फटिक पाहत होता. काचेच्या कडेने हवा आत शिरली आणि जांभळट षटकोनी चकत्या मोडून त्यांच्या जागी लाल सुया उगवल्या. ऑक्सिजन घेताना रेणू आपला आकारच बदलत असला पाहिजे. केंब्रिजमध्ये मॅक्स पेरुत्झ तेव्हा याच रेणूची रचना क्ष-किरणांनी शोधू लागला होता. त्याला प्रथिनाच्या चार साखळ्यांचा पहिला ढोबळ आराखडा मिळाला 1959 मध्ये. 1962 चे रसायनशास्त्राचे नोबेल त्याला सहकारी केंड्रूबरोबर मिळाले. पण यंत्रणा त्याने मांडली 1970 मध्ये. ऑक्सिजन जोडला गेला की लोहाचा अणू किंचित सरकतो, जोडलेल्या साखळीला ओढतो, चारही साखळ्यांना आवळून धरणारे बंध तुटतात आणि उरलेल्या जागा मोकळ्या होतात. कार्बन डायऑक्साइडमुळे वाढणारे आम्ल हेच बंध पुन्हा बळकट करते, आणि पकड सुटते.