छऱ्याचं पिस्तूल कुणाचं? नावाआधी स्प्रिंग बघा

ठाण्यात सध्या जुन्या बिल्डिंगा धडाधड रिडेव्हलपमेंटला जातायत, नौपाडा म्हणा, पाचपाखाडी म्हणा, आणि माळे रिकामे करताना तांब्याचे बंब, बिनकाट्याची घड्याळं, पत्र्याच्या ट्रंका यांच्याबरोबर अधूनमधून एखादं छऱ्याचं पिस्तूल, म्हणजे एअर पिस्तूलही खाली येतं. मग घरातले त्याचे फोटो काढून ओळखीत कोणी "बंदुकीतलं कळणारा" असेल त्याला पाठवतात, आणि प्रश्न दरवेळी तोच, कंपनी कुठली, किती जुनं, काही किंमत आहे का. माझ्याकडे आलेल्या अशाच एका पिस्तुलामुळे हे लिहायला घेतलं. काळपट नळी, ओतीव लोखंडाची मूठ, नाव कुठेच नाही, फक्त एका बाजूला "मेड इन जर्मनी" आणि खाली झिजलेली चार अक्षरं, डी.आर.जी.एम.

असं पिस्तूल हातात आलं की सगळे आधी नाव शोधतात. माझं म्हणणं असं की नाव सगळ्यात शेवटी बघावं. या धंद्यात नावं विकली गेली, युद्धात हिसकावली गेली, भाड्याने दिली गेली, एकच माल चार देशांत चार नावांनी खपला. स्प्रिंग कशी दाबायची आणि पिस्टन कुठल्या दिशेला पळतो हे मात्र असं सहज बदलत नाही, कारण ते बदलायचं तर अख्खं डिझाइन नव्याने करावं लागतं.

मुळात आत काय असतं ते सांगतो. यात हवा आधीपासून भरून ठेवलेली नसते. एक जाड स्प्रिंग दाबून अडकवायची, चाप ओढला की ती सुटते, पिस्टनला ढकलते, पिस्टनपुढची हवा एका क्षणात दाबली जाते आणि बारीक भोकातून छऱ्याच्या मागे येते, बस. पिस्टनच्या तोंडाला जुन्या मालात चामड्याचा वायसर असतो, अगदी रॉकेलच्या स्टोव्हच्या पंपात असायचा तसाच, आणि तसाच तो सुकून आक्रसतो, मग पिस्तूल नुसतं "फस्स" करतं. त्यावर लोक म्हणतात बिघडलं, फेका. अहो, दोन थेंब तेल सोडा आणि रात्रभर उभं ठेवा, निम्म्या वेळा तेवढ्यावर भागतं.

गोष्ट सुरू होते अमेरिकेत, न्यूयॉर्क राज्यात, १८७० च्या दशकाच्या सुरुवातीला. हर्किमर गावचा हेन्री क्वाकेनबुश आणि जवळच्याच इलियन गावचे हॅविलँड आणि गन ही जोडी, (गन हे आडनावच बरं का), यांनी एअर पिस्तुलांची पेटंटं काढली. क्वाकेनबुशची युक्ती म्हणजे नळीच आत ढकलायची की स्प्रिंग दाबली जाते. हॅविलँड आणि गन यांनी स्प्रिंग आणि पिस्टन थेट मुठीत घातले, म्हणजे जी जागा रिकामी पडलेली असते तीच वापरली, त्यामुळे पिस्तूल आटोपशीर दिसतं. पुढच्या शंभर वर्षांतली कितीतरी पिस्तुलं या दोन घराण्यांतलीच आहेत, मग त्यांच्यावर नाव काहीही असो.

तिकडून ही कल्पना जर्मनीत गेली. बाडेनमधल्या गागेनाऊच्या लोखंडाच्या कारखान्यात हॅविलँड-गन पद्धतीची, मुठीत स्प्रिंग असलेली ओतीव लोखंडाची पिस्तुलं निघायला लागली. आज गागेनाऊ म्हटलं की महागडे ओव्हन आठवतात, तेच हे गाव आणि तोच तो कारखाना. तिथून जवळच रास्टाट गावी १८९० मध्ये याकोब मायर आणि योझेफ ग्रामेल्सपाखर यांनी आपली कंपनी काढली आणि सुरुवातीच्या मालातच एअर पिस्तूल होतं. हीच पुढची "डायना", जिच्या शिक्क्यावर शिकारीची देवी धनुष्य टाकून देते आणि हातातली बंदूक उंच धरते.

आता त्या चार अक्षरांकडे येऊ. डी.आर.जी.एम. ही कंपनी नाही, जर्मन साम्राज्यातल्या छोट्या सुधारणांसाठीच्या स्वस्त नोंदणीची ती खूण आहे. ही नोंदणी १८९१ मध्ये सुरू झाली आणि हा छाप १९४५ पर्यंत चालला. म्हणजे नाव नसलं तरी काळाच्या दोन कडा हातात आल्या. असे बाकीचेही शिक्के आहेत. "वेस्टर्न जर्मनी" असेल तर १९४९ नंतरचं आणि १९९० आधीचं. पंचकोनात एफ असेल तर १९७० किंवा त्यानंतरचं, कारण कमी ताकदीच्या एअरगनला ती खूण जर्मन कायद्याने तेव्हापासून लागली. शिक्के मूठ सोडवल्याशिवाय दिसत नाहीत असंही होतं, म्हणून आधी मऊ फडक्याने पुसून टॉर्च तिरका धरून बघायचं, घासायचं मात्र अजिबात नाही. एकाने वायर ब्रशने चकचकीत करून आणलं होतं, त्यावरचा छाप पार गेला होता, काय बोलणार.

ब्रिटनमध्ये वेगळंच घडलं. पहिलं महायुद्ध संपलं, रिव्हॉल्व्हरचं गिऱ्हाईक आटलं, वर १९२० च्या कायद्याने खऱ्या पिस्तुलाला परवान्याची कटकट मागे लागली, आणि बर्मिंगहॅमच्या वेब्ली अँड स्कॉटने १९२४ मध्ये आपलं पहिलं एअर पिस्तूल, मार्क वन, बाजारात आणलं. डिझाइन जॉन्स्टन आणि फर्न यांचं. यात नळी वर, सिलिंडर खाली. मागचा खटका सोडायचा, नळी मागून उचलून पुढे उलटायची, त्यात पिस्टन पुढे ओढला जातो, आणि चाप ओढला की तो मागे, नेमबाजाच्या अंगावर पळत येतो. त्यामुळे हिसका बाकीच्यांपेक्षा वेगळा लागतो, पण लांबी कमी राहून नळी मात्र चांगली लांब मिळते. ही रचना इतकी पक्की बसली की ज्युनियर, सीनियर, प्रीमियर, हरिकेन, टेम्पेस्ट अशा नावांनी ती आठ दशकं चालली. २००५ च्या शेवटी बर्मिंगहॅमचा कारखाना बुडाला, नाव विकलं गेलं आणि नंतरचा माल तुर्कस्तानात बनला. आता सांगा, नुसतं "वेब्ली" वाचून काय कळलं?

पण नावाचा खरा घोळ डायनाचा. दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीत एअरगन बनवायला बंदी आली आणि रास्टाटची यंत्रं आणि डायना हे नाव दोन्ही भरपाई म्हणून ब्रिटनला गेलं, स्कॉटलंडमध्ये मदरवेलच्या मिलब्रो कंपनीकडे. त्यामुळे "डायना, मेड इन ग्रेट ब्रिटन" असा छाप असलेलं पिस्तूल अजिबात नकली नाही. उलट जर्मनीतली मूळ कंपनी पुन्हा उभी राहिली तेव्हा तिला ब्रिटनमध्ये स्वतःचंच नाव वापरता येईना, म्हणून तिने "ओरिजिनल" असं नाव लावलं, यातली चीड लपत नाही. १९८४ च्या सुमारास ते नाव परत रास्टाटला आलं. मधल्या काळात डायनाचं मॉडेल ५ हे नळी मोडून, म्हणजे बिजागरीवर खाली वाकवून, भरायचं पिस्तूल अमेरिकेत विंचेस्टर ३५३ म्हणून विकलं गेलं आणि मॉडेल ६ हे विंचेस्टर ३६३ म्हणून. विंचेस्टरने यातला एक स्क्रूसुद्धा बनवलेला नाही. आणि मॉडेल ६ मध्ये तर गंमत अशी की कुर्ट गिस नावाच्या इंजिनियरच्या युक्तीने आत दोन पिस्टन एकमेकांच्या विरुद्ध दिशेला पळतात, एक कामाचा, दुसरा फक्त हिसका जिरवायला, त्यामुळे हातात पिस्तूल जवळजवळ हलतच नाही. हे एकदा हाताने अनुभवलं की बाहेर कुठलंही नाव असू दे, ओळख पटते.

मुठीतल्या स्प्रिंगचं घराणंही मेलं नव्हतं. १९५० च्या दशकात वॉल्थर या जर्मन कंपनीने एलपी ५३ काढलं, नळी खाली मोडायची, स्प्रिंग मुठीत, आणि नळीचं टोक तळव्यात रुतू नये म्हणून सोबत एक लाकडी गोटा मिळायचा. माळ्यावरच्या डब्यात असा गोटा सापडला तर तो फेकू नका, भोवरा नाहीये तो. जेम्स बाँडच्या जाहिरातीच्या फोटोंत शॉन कॉनरीच्या हातात जे लांब नळीचं पिस्तूल दिसतं ते हेच. फोटो काढायच्या दिवशी सिनेमातलं पिस्तूल कोणी आणलंच नव्हतं, म्हणून फोटोग्राफर डेव्हिड हर्नने स्वतःचं छऱ्याचं पिस्तूल दिलं. २०१० मध्ये लंडनच्या लिलावात ते अडीच लाख पाउंडांच्या वर गेलं. जगातला सगळ्यात नावाजलेला गुप्तहेर आणि हातात फुगे फोडायचं हत्यार!

बाकीची घराणी भराभर सांगतो. वरची पट्टी उचलून स्प्रिंग दाबायची असेल तर झेनिट नावाच्या जर्मन पिस्तुलाच्या वळणाचं. बाजूला तरफ असेल आणि सुटताना नळीसकट वरचा भाग रुळावर सरकत असेल तर फाइनवेर्कबाउ ६५, १९६५ चं, स्पर्धेतलं. नळी सिलिंडरच्या आतून आरपार गेलेली असेल तर न्यूयॉर्कचं हाय-स्कोर. १९८८ च्या सोल ऑलिंपिकपासून दहा मीटर एअर पिस्तूल हा प्रकार आला, पण स्प्रिंगवाली पिस्तुलं तोवर त्या पातळीवर मागे पडत चालली होती, आता मनू भाकरच्या हातात दिसतं त्यात आधीच दाबून भरलेली हवा असते.

आपल्याकडे बहुतेक ओळख बंदुकीची, पिस्तुलाची कमी. तलावपाळीला किंवा जत्रेत फुग्यांच्या फळीसमोर जी बंदूक मिळते तिचं वळण बहुतेक वेळा डायनाचंच असतं. १९२६ मध्ये वालचंद हिराचंद यांनी काढलेली इंडियन ह्यूम पाइप, म्हणजे पाण्याचे मोठे पाइप बनवणारी मुंबईची कंपनी, तिनेसुद्धा आयएचपी छापाच्या एअरगन बनवल्या होत्या. तेव्हा देशी छाप दिसला म्हणून डिझाइनही देशी असं समजायचं कारण नाही.

मग आपलं ते ओतीव मुठीचं पिस्तूल? नळी आत ढकलली की खट्टकन अडकते, चाप ओढला की बाहेर उसळते, छर्रा घालायला मागचा स्क्रू काढावा लागतो, नळीत आटे, म्हणजे छऱ्याला फिरकी देणाऱ्या खाचा, नाहीत. म्हणजे क्वाकेनबुशच्या वळणाचं, जर्मन, १८९१ ते १९४५ मधलं, पोरांच्या हौसेचं. याच वळणाचं "गॅट" इंग्लंडात हॅरिंग्टनने १९३७ पासून पुढे कित्येक दशकं विकलं, पण ते ब्रिटिश, त्यामुळे जर्मन छाप बघितल्यावर ते बाद. नेमका कारखाना मात्र कोणी छातीठोक सांगत असेल तर त्याला विचारा कशावरून.

हे सगळं फक्त हौसेपोटी नाही. २०१६ च्या आर्म्स रूल्सप्रमाणे एअरगनचा बोअर, म्हणजे नळीच्या भोकाचं माप, ४.५ मिलिमीटरपेक्षा मोठा असेल किंवा ताकद २० ज्यूलच्या वर असेल तर लायसन्स लागतं. स्प्रिंगची पिस्तुलं २० ज्यूलच्या आसपासही फिरकत नाहीत, प्रश्न बोअरचा असतो. वेब्ली सीनियर दोन्ही मापांत आलं होतं, ४.५ आणि ५.५, बाहेरून दोन्ही सारखीच. स्प्रिंग सुटलेली असताना नळी उघडायची आणि ४.५ चा छर्रा मागच्या तोंडाला ठेवायचा. अडकून बसला तर ठीक. सुळकन आत जाऊन पुढून खाली पडला, तर विकायची किंवा पोरांच्या हातात द्यायची भाषा बंद, आधी वकिलाला विचारून पोलीस ठाण्यात जा.