टेकमधील चूकसंदेश

टेक ही अक्षरजुळणीची संगणकप्रणाली स्टॅनफर्ड विद्यापीठातील डोनल्ड क्नूथ यांनी १९७७-७८ मध्ये रचायला घेतली. मजकूर आणि मांडणीच्या आज्ञा एकाच साध्या फाइलीत लिहायच्या, ही तिची रीत. आज्ञा चुकली की टेक थांबते आणि पडद्यावर संदेश देते. नवख्याला तो पाहून धडकी भरते, पण तो वाचता येणे हे टेक शिकण्यातले निम्मे काम आहे.

पहिली ओळ उद्गारचिन्हाने सुरू होते व चुकीचा प्रकार सांगते. त्याखाली फाइलीतला ओळक्रमांक, आणि पुढे ती ओळच दोन तुकड्यांत मोडलेली: वाचून झालेला भाग वर, उरलेला भाग खाली उजवीकडे सरकवलेला. समजा, ग्रीक अक्षर छापणाऱ्या 'अल्फा' या आज्ञेच्या रोमन स्पेलिंगात पी आणि एच यांची अदलाबदल झाली. ओळ नेमकी त्या शब्दानंतर तुटते आणि 'अनडिफाइन्ड कंट्रोल सिक्वेन्स' असा शेरा येतो. म्हणजे ही आज्ञा टेकला ठाऊक नाही. मग प्रश्नचिन्ह. तिथे एच दिल्यास खुलासा मिळतो, एक्स दिल्यास काम थांबते, आय देऊन योग्य आज्ञा पुरवता येते. ही दुरुस्ती त्या फेरीपुरतीच असते. मूळ फाइल तशीच राहते.

मात्र टेक दाखवते ती चूक ध्यानात आल्याची जागा, झाल्याची नव्हे. गणिती सूत्र दोन डॉलरचिन्हांमध्ये लिहितात; त्यातले बंद करणारे चिन्ह राहिले, तर तक्रार बहुधा परिच्छेद संपताना येते. कंस उघडा राहिला, तर चूक कुठवर पसरेल याला धरबंध नसता. क्नूथ यांनी त्याला बांध घातला: साध्या आज्ञेच्या कंसात कोरी ओळ आली की टेक अडते. एका विसरलेल्या कंसाने सारे पुस्तक गिळू नये, ही त्यामागची काळजी.

खुद्द टेकमधली चूक कळवणाऱ्याला क्नूथ २.५६ डॉलरचा धनादेश देत. पुढे ही रक्कम दुपटीने वाढत ३२७.६८ डॉलरवर स्थिरावली.

मराठीला सर्वाधिक छळतो तो न अडवणारा दोष. झीटेक या टेकच्या पुढच्या रूपामुळे युनिकोड देवनागरी थेट लिहिता येते. पण देवनागरी फॉन्ट नेमायचा राहिला, तर काम सुरळीत संपते आणि पानावरची अक्षरे गायब असतात. अमुक अक्षर या फॉन्टमध्ये नाही, अशा ओळी फक्त कामाची नोंद ठेवणाऱ्या लॉग फाइलीत साचत. टेकवर बेतलेल्या लाटेक या आज्ञासंचाने २०२१ मध्ये त्या पडद्यावर आणल्या. हे फार आधी व्हायला हवे होते.