सोमल पिणारा नेचा

जुन्या वाड्याच्या चुन्याच्या भिंतीवर, पडक्या विहिरीच्या सांध्यांत पावसाळ्यात लांब पात्यांचा एक नेचा उगवतो. त्याचं कौतुक कुणाला नसतं. भिंत उकलेल म्हणून उपटून फेकतात. त्याचं शास्त्रीय नाव टेरिस व्हिटाटा.

हाच नेचा एका बंद पडलेल्या लाकूड कारखान्याच्या आवारात तरारलेला आढळल्याचं फ्लोरिडा विद्यापीठातल्या मृदाशास्त्रज्ञ लीना मा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली जाहीर केलं. लाकडाला वाळवी लागू नये म्हणून तिथे तांबं, क्रोमियम आणि आर्सेनिक यांचं मिश्रण वापरत, आणि ते जमिनीत मुरलं होतं. आर्सेनिक म्हणजे आपलं सोमल. काटेकोर बोलायचं तर सोमल हा त्याचा ऑक्साइड. प्रयोगशाळेत विषारी मातीत लावलेल्या नेच्याच्या पानांत सहा आठवड्यांत वाळल्या वजनाच्या दोन टक्क्यांहून जास्त आर्सेनिक जमलं. एवढ्यात दुसरी वनस्पती केव्हाच मेली असती.

हे होतं एका गफलतीमुळे. जमिनीतलं आर्सेनेट, म्हणजे ऑक्सिजनशी जोडलेलं आर्सेनिक, रचनेनं फॉस्फेटसारखं असतं आणि फॉस्फेट तर मुळांना हवंच असतं. त्याच दारातून विषही आत शिरतं. ही फसगत सगळ्याच वनस्पतींची होते, पण बहुतेक जणी विष मुळांतच अडवून धरतात. नेचा मात्र ते वर पानांत पाठवतो आणि पेशीतल्या रिक्तिका नावाच्या पिशवीत कोंडून ठेवतो. त्यात त्याचा फायदाही आहे: असली पानं नाकतोडे टाळतात.

पहिल्या महायुद्धात वॉशिंग्टनमध्ये रासायनिक अस्त्रांच्या चाचण्या झाल्या. तिथे पुढे वस्ती झाली आणि घरांच्या अंगणांत आर्सेनिक सापडलं. माती खणून नेणं हा एक उपाय, पण वरच्या थरासोबत गांडुळं, बुरशी, सेंद्रिय अंश, म्हणजे जमिनीचा जीवच जातो. म्हणून काही अंगणांत विष शोषून घ्यायला हा नेचा लावून पाहिला. माती जागच्या जागी राहते, हीच या पद्धतीची खरी कमाई.

मात्र घाई असेल त्यानं या वाटेला जाऊ नये. मुळं पोचतात तेवढ्याच थरातलं विष निघतं, कामाला वर्षं लागतात, आणि या नेच्याला कडाक्याची थंडी सोसत नाही. शिवाय आर्सेनिक हे मूलद्रव्य. ते कुजून संपत नाही, फक्त मातीतून पानात जातं. तेव्हा पानं वेळेवर कापायची, गुरांपासून दूर ठेवायची, आणि मग ती टाकायची कुठे?

निकेलच्या बाबतीत हा प्रश्न जरा सोपा आहे. अल्बानियातल्या पोग्रादेत्स भागात निकेल शोषणाऱ्या एका रोपाची लागवड करून पाहिली, तेव्हा हेक्टरी १०० किलोंच्या आसपास धातू मिळाला. रोपं कापून जाळायची आणि राखेतून निकेल काढायचं. निकेलला बाजारात भाव आहे. आर्सेनिकला तसं गिऱ्हाईक नाही, म्हणून नेच्याचे भारे शेवटी घातक कचऱ्याच्या बंदिस्त खड्ड्यातच जातात.