खुसखुशीत आणि कुरकुरीत: चीज शॉर्टब्रेड म्हणजे जाड चीज क्रॅकर नव्हे

नाताळच्या सुट्ट्या जवळ आल्या की चीज घातलेल्या खाऱ्या शॉर्टब्रेडच्या, म्हणजे भरपूर बटरच्या जाड खुसखुशीत बिस्किटांच्या, पाककृती फिरू लागतात, आणि त्यांतल्या बऱ्याच पाककृतींच्या शेवटी एक वाक्य हमखास असते: ‘पीठ मिळून येत नसेल तर दोन-तीन चमचे गार पाणी घालावे.’ या एका वाक्याने शॉर्टब्रेडचा क्रॅकर होतो, आणि तोही वाईट क्रॅकर, कारण त्याची जाडी शॉर्टब्रेडचीच राहते. एका वर्षी मी हे वाक्य इमानेइतबारे पाळले होते. पाहुण्यांनी त्या चकत्या चहात बुडवून खाल्ल्या आणि फार छान झाल्याचे सांगितले. त्यानंतर मी त्या पाककृतीकडे वळलेलो नाही.

चीज क्रॅकर सर्वांच्याच ओळखीचा आहे. मैदा, चीज, थोडे बटर आणि पाणी एकत्र करून पीठ भिजवायचे, ते दोन-तीन मिलिमीटर जाडीचे लाटायचे, टोचे मारून चौकोनी तुकडे कापायचे आणि तापलेल्या ओव्हनमध्ये झटपट भाजायचे. अमेरिकेत ‘चीज-इट’ हा क्रॅकर 1921 मध्ये बाजारात आला, आणि तेव्हापासून कारखान्यांनी ही चव इतकी सर्वदूर पोहोचवली आहे की त्याविषयी अधिक लिहिण्याची गरज नाही.

हे दोन्ही पदार्थ चौकोनी किंवा गोल असू शकतात, दोन्हींत मिरी किंवा मोहरीची पूड घालता येते, आणि टोचे असणे-नसणे हीसुद्धा ओळख नव्हे, कारण स्कॉटलंडच्या जाड गोड शॉर्टब्रेडलाही काट्याने टोचे मारतात. चीज कशात जास्त, हा प्रश्नही गौण आहे. खरा फरक मराठीतल्या दोन शब्दांत अगोदरच नोंदलेला आहे: क्रॅकर कुरकुरीत असतो आणि शॉर्टब्रेड खुसखुशीत असतो. कुरकुरीत पदार्थ दाताखाली कट्कन मोडतो. खुसखुशीत पदार्थ मोडत नाही, तो विरतो. इंग्रजी नावातल्या ‘शॉर्ट’ या शब्दाचा लांबीशी काही संबंध नसून भट्टीच्या परिभाषेत त्याचा अर्थ नेमका हाच, म्हणजे सहज भुगा होणारा, असा आहे.

हा विरण्याचा गुण कुठून येतो, हे मोहन घालणाऱ्या कोणालाही समजावून सांगावे लागू नये. मैद्यात ग्लुटेनिन आणि ग्लायडिन ही दोन प्रथिने असतात, आणि त्यांना पाणी मिळून मळणे सुरू झाले की त्यांची ग्लुटेन नावाची चिवट जाळी तयार होते. क्रॅकरला ही जाळी थोडीफार हवीच असते, कारण तिच्याशिवाय पीठ इतके पातळ लाटले जाणार नाही. शॉर्टब्रेडमध्ये मात्र बटर मैद्याच्या कणाकणाला आधीच माखून ठेवते, त्यामुळे पाणी प्रथिनांपर्यंत सहज पोहोचत नाही आणि जाळी तुटक राहते.

येथे कोणी म्हणेल की बटरमध्येही पाणी असतेच, आणि चीजमध्ये तर त्याहून अधिक असते. आक्षेप रास्त आहे. 150 ग्रॅम मैदा, 100 ग्रॅम बटर आणि 100 ग्रॅम चेडर असे माझे नेहमीचे प्रमाण घेतले, तर बटरमधून साधारण 16 ग्रॅम आणि चेडरमधून साधारण 37 ग्रॅम, असे 50 ग्रॅमच्या पुढे पाणी पिठात आलेलेच असते, म्हणजे मोठे तीन चमचे भरून. पण बटरमधले पाणी स्निग्धांशात सूक्ष्म थेंबांच्या रूपाने कोंडलेले असते, आणि चीजमधले बरेचसे पाणी त्याच्याच प्रथिनांनी धरून ठेवलेले असते. नळाचे पाणी मोकळे असते, आणि मैदा त्याचीच वाट पाहत असतो. शिवाय गोड शॉर्टब्रेडमधली साखर पाणी स्वतःकडे ओढून ग्लुटेनला थोडा आळा घालते. खाऱ्या शॉर्टब्रेडमध्ये तो पहारेकरीही नसतो, म्हणून येथे पाण्याची चूक अधिक महाग पडते.

तरीही हात पाण्याकडे जातो, आणि याचा थोडा दोष आपल्या भाषेकडेही आहे. पीठ म्हटले की आपण ते ‘भिजवतो’. शॉर्टब्रेडचे पीठ भिजवायचे नसते, ते दाबून एकत्र आणायचे असते. गार बटर आणि किसलेले चीज मैद्यात बोटांनी चोळले की भांड्यात ओलसर वाळूसारखा रवाळ भुगा दिसतो, आणि नेमक्या याच क्षणी माणूस घाबरतो. घाबरू नये. त्यातला मूठभर भुगा घेऊन जोरात दाबावा. मूठ वळली आणि उघडल्यावर गोळा टिकला तर पीठ तयार आहे, भांड्यात ते कितीही विस्कळीत दिसो. मूठ वळली नाही तर बटर अजून फार गार आहे. दहा मिनिटे थांबून तळहाताच्या उबेने पुन्हा दाबावे. एवढे करूनही जमले नाही तर आणखी एक चमचा बटर घालावे.

चीजविषयी माझे मत पक्के आहे: मुरलेले, कडक, घरी किसलेले. निदान बारा महिने मुरवलेले पार्मिजानो रेज्जानो हे कडक इटालियन चीज चेडरच्या एक तृतीयांशाच्या जागी घातले तर पाणी थोडे कमी होते आणि चव दुणावते. प्रोसेस्ड चीजमध्ये इमल्सिफाय करणारे, म्हणजे स्निग्धांश आणि पाणी एकजीव ठेवणारे, क्षार असल्याने पीठ लोण्यासारखे गुळगुळीत होते आणि हाताला फार बरे वाटते, पण भाजल्यावर त्याला रबरी झाक येते. पाकिटातल्या तयार किसाला तो चिकटू नये म्हणून स्टार्च किंवा सेल्युलोज लावलेले असते; तो मी वापरत नाही. मीठ चिमूटभरच घालावे, कारण चीज स्वतःच खारट असते.

पिठाचा चार सेंटिमीटर जाडीचा रोल करून तो दोन तास फ्रिजमध्ये ठेवावा, सात मिलिमीटरच्या चकत्या कापाव्यात आणि 170 अंश सेल्सियसवर अठरा ते वीस मिनिटे भाजाव्यात. गोड शॉर्टब्रेड फिकट ठेवण्याची रीत येथे लागू नाही. कडा तपकिरी आणि मधला भाग सोनेरी व्हायलाच हवा, नाहीतर चीजमधले पाणी आत राहून मध्यभाग मऊ पडतो. चकत्या गरम असताना नरमच लागतात, त्या निवल्यावर खुसखुशीत होतात. सुट्टीच्या गडबडीत सोय व्हावी म्हणून रोल महिनाभर आधी करून फ्रीझरमध्ये ठेवता येतो, आणि कापण्यापूर्वी दहा मिनिटे बाहेर काढला तरी पुरतो.

हे सगळे वाचण्याआधीच पिठात पाणी पडले असेल, तर त्याचा रोल करू नका. ते अर्धा तास झाकून ठेवा, शक्य तितके पातळ लाटा, टोचे मारा, ओव्हन 190 अंशांवर नेऊन बारा मिनिटे भाजा, आणि डब्यावर ‘क्रॅकर’ अशी चिठ्ठी चिकटवा.