पुढचा हात सरळ ठेवणे (गोल्फ)

पुढचा हात सरळ ठेवणे : गोल्फमध्ये क्लब, म्हणजे चेंडू मारायची काठी, मागे आणि वर नेताना, म्हणजे बॅकस्विंगमध्ये, लक्ष्याकडच्या हाताचे कोपर दुमडू न देता तो हात लांब राखण्याचा प्रघात. उजव्या बाजूने खेळणाऱ्याचा हा डावा हात. फिल मिकलसनसारख्या डाव्या बाजूने खेळणाऱ्याचा उजवा. या नोंदीत उजव्या बाजूचा खेळाडू गृहीत धरला आहे. सरावाच्या मैदानावर नवख्याच्या कानावर पहिल्याच दिवशी पडणाऱ्या सूचनांपैकी ही एक, आणि बहुधा सर्वांत जास्त चुकीची समजली जाणारीही. ‘सरळ’ म्हणजे ‘ताठ’ असा अर्थ घेतला जातो आणि पुढची कित्येक वर्षे माणूस लाकडासारखा हात घेऊन खेळत राहतो.

सूचनेमागचे कारण साधे आहे. गोल्फचा चेंडू लहान, जेमतेम ४२.६७ मिलिमीटर व्यासाचा, आणि तो जागच्या जागी पडून असतो. क्लब डोक्यामागे न्यायचा आणि त्याच जागी, त्याच उंचीवर परत आणायचा, एवढेच काम. डाव्या खांद्यापासून चेंडूपर्यंतचे अंतर उभे राहताना जेवढे होते, साधारण तेवढेच ते क्लब चेंडूला लागताना असावे लागते. या अंतरात क्लबची लांबी बदलत नाही. बदलू शकतो तो हात. वर्तुळ काढता काढता कंपासचा पाय मधेच मिटला तर रेघ सुरुवातीच्या बिंदूला येऊन मिळत नाही, तसेच इथे होते.

गोल्फ सोसायटी ऑफ ग्रेट ब्रिटनने शास्त्रज्ञांकडून करवून घेतलेला अभ्यास अ‍ॅलास्टर कॉक्रन आणि जॉन स्टॉब्स यांनी १९६८ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात स्विंगची, म्हणजे क्लब फिरवण्याच्या पूर्ण हालचालीची, कल्पना दोन दांड्यांच्या लंबकासारखी केली आहे. वरची दांडी म्हणजे हात. ती छातीच्या वरच्या भागातल्या एका बिंदूभोवती फिरते. खालची दांडी म्हणजे क्लब. दोन्हींना जोडणारी बिजागरी म्हणजे मनगट. या चित्रात कोपराला जागाच ठेवलेली नाही. कोपर दुमडले की आणखी एक बिजागरी तयार होते, आणि ती वेळेवर उघडण्याची जबाबदारी खेळाडूवर येते. बॅकस्विंगला साधारण पाऊण सेकंद लागतो, वरून चेंडूपर्यंत खाली यायला साधारण पाव. त्या पाव सेकंदात ‘आता कोपर उघडू’ असा विचार करायला कोणालाच सवड नसते.

तरीही किती वाकणे म्हणजे जास्त वाकणे, हे मोजून पाहिलेले बरे. दंड ३० सेंटिमीटर आणि कोपरापासून मुठीपर्यंतचा भाग ३५ सेंटिमीटर धरला, तर सरळ हाताची लांबी ६५ सेंटिमीटर होते. कोपर सरळ रेषेपासून २० अंशांनी वाकले तर खांदा ते मूठ हे अंतर केवळ १ सेंटिमीटरने कमी होते. ४५ अंशांना ही तूट सुमारे ५ सेंटिमीटर होते आणि काटकोनात दुमडले तर जवळजवळ १९. म्हणजे थोडासा बाक नगण्य असतो, आणि एका मर्यादेनंतर मात्र तूट झपाट्याने वाढते. चेंडूची त्रिज्या २१ मिलिमीटरच्या थोडी वर आहे. ५ सेंटिमीटरची निम्मी तूट जरी खाली येईपर्यंत भरून निघाली नाही, तरी क्लबची खालची कड चेंडूच्या मध्याच्या वर पोचते; चेंडू ‘टॉप’ होतो आणि गवतावरून सरपटत जातो. हे एकदा झाले की पुढच्या फटक्याला खेळाडू घाईने हात खाली झोकतो आणि क्लब चेंडूच्या आधी मातीत रुततो. एक टॉप, एक मातीत, असे आलटूनपालटून होत असेल तर आधी डाव्या कोपराकडे पाहावे.

छोट्या बाकाची काळजी करू नये याला दुसरेही कारण आहे. खाली येताना क्लबचे जड टोक बाहेरच्या बाजूला ओढत असते. गोफण फिरवली की तिची दोरी कोणी सरळ कर म्हणून सांगावे लागत नाही, ती ताणली जाते; सैल हाताचेही तसेच होते. वर १५-२० अंश वाकलेले कोपर चेंडूपर्यंत येता येता बहुतेक वेळा आपोआप उघडते. मात्र त्यासाठी हात सैल हवा. स्नायू आवळून ठेवलेला हात आधीच बळाने धरलेला असतो. त्याची मूठ घट्ट होते, खांदे कानांकडे उचलले जातात, मनगटाची बिजागरी गंजल्यासारखी अडते आणि वेग जिथून येतो तिथेच तो कमी होतो. मूठ सतत आवळून खेळणाऱ्यांना कोपराच्या स्नायुबंधांचे दुखणेही लवकर गाठते. ‘सरळ’पेक्षा ‘लांब’ हा शब्द शिकवताना जास्त उपयोगी पडतो असे आमचे मत आहे. फळीवरचा डबा काढायला हात लांबवतो, त्या वेळी तो सरळ असतो आणि ताठ नसतो.

कोपर मुळात वाकते का, हे उभ्या उभ्या करून पाहता येते. डावा हात छातीसमोर लांब धरावा आणि खांदे अजिबात न हलवता तो उजवीकडे न्यावा. थोड्याच अंतरावर दंड छातीला टेकतो आणि हात थांबतो. आता पुढे जायचे तर दोनच वाटा उरतात : पाठ वळवून खांदे फिरवायचे, किंवा कोपर दुमडायचे. पहिली वाट मेहनतीची, दुसरी सोपी. चांगल्या बॅकस्विंगमध्ये खांदे सुमारे ९० अंश आणि कंबर त्याच्या साधारण निम्मी फिरते. ज्याचे खांदे ६० अंशांवरच थांबतात पण ज्याला क्लब टीव्हीवरच्या खेळाडूइतका मागे न्यायचाच असतो, त्याचे उरलेले अंतर कोपर भरून काढते. त्यामुळे वाकलेले कोपर हा बहुतेकांच्या बाबतीत आजार नसून लक्षण असते. आजार असतो न वळलेल्या पाठीचा. दुसरे कारण उजव्या हातात सापडते. दोन्ही हात एकाच ग्रिपवर, म्हणजे क्लबच्या मुठीवर, जखडलेले असल्याने उजवे कोपर काटकोनापेक्षा जास्त मिटले की डाव्याला वाकण्यावाचून गत्यंतर नसते. तिसरे कारण बोटांचे. क्लब वर पोचल्यावर डाव्या हाताची शेवटची तीन बोटे सैल सुटतात, क्लब मागे लोंबतो आणि कोपर त्याच्या मागोमाग जाते. डाव्या हातातल्या ग्लोव्हच्या तळव्यावर, करंगळीखालच्या गादीपाशी भोक पडले असेल, तर ग्रिप वर सरकते आहे हे ओळखावे.

आपल्याकडच्या नवख्याची एक अडचण इथे वेगळी सांगायला हवी. आमच्याकडे बहुतेक जण हातात आधी बॅट धरतात, क्लब फार उशिरा. उजव्या फलंदाजाचा डावा हात बॅटच्या दांड्यावर वरच असतो, गोल्फमध्येही तोच वर येतो, त्यामुळे पकड ओळखीची वाटते. पण सरळ बॅटने खेळताना ‘डावे कोपर वर’ हा धडा लहानपणापासून गिरवलेला असतो. तिथे चेंडू अंगावर येत असतो, टप्पा पाहून हात लांब-आखूड करावे लागतात, आणि वाकलेले कोपर बॅट सरळ रेषेत आणायला मदत करते. गोल्फचा चेंडू कुठेही जात नाही. तिथे हीच सवय नडते. क्रिकेट खेळलेल्या माणसाला म्हणूनच कोपराबद्दल न ओरडता, पाठ लक्ष्याकडे वळव, एवढेच सांगितले तर तो लवकर शिकतो.

नियम म्हणून पाहिले तर इतिहासात त्याला मोठे अपवाद आहेत. जर्सी बेटावरचा हॅरी वार्डन याने १८९६ ते १९१४ या काळात ब्रिटिश ओपन सहा वेळा जिंकली. हा विक्रम अजून मोडलेला नाही. बॅकस्विंगच्या टोकाला त्याचे डावे कोपर स्पष्ट वाकलेले असे. तो काळ क्लबच्या हिकरीच्या लाकडी दांड्यांचा होता. त्या लवचिक, पिळ खाणाऱ्या दांड्यांना झटका सोसत नसे, सावकाश लयीत फिरवणेच भाग होते. पोलादी दांड्यांना अमेरिकेत १९२४ मध्ये आणि ब्रिटनमध्ये १९२९ मध्ये मान्यता मिळाली.

अमेरिकेच्या एड फर्गोलच्या डाव्या कोपराला लहानपणी इजा झाली आणि तो हात कायमचा वाकलेला व आखूड राहिला. १९५४ मध्ये न्यू जर्सीतील बाल्टसरॉल येथे त्याने यूएस ओपन जिंकली, जीन लिटलरला एका फटक्याने मागे टाकून. कॅल्विन पीट याची गोष्ट याहून विलक्षण. लहानपणी झाडावरून पडून त्याचे डावे कोपर मोडले आणि ते पुन्हा कधी पूर्ण सरळ झाले नाही. फ्लॉरिडात शेतमजुरांच्या वस्त्यांवर माल विकणाऱ्या या माणसाने विशी ओलांडल्यावर पहिल्यांदा क्लब हातात घेतला. पुढे त्याने पीजीए टूरवर, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक स्पर्धांच्या मालिकेत, १२ स्पर्धा जिंकल्या, त्यात १९८५ ची प्लेयर्स चॅम्पियनशिपही आहे. फेअरवेवर, म्हणजे मैदानातल्या कापलेल्या गवताच्या पट्ट्यावर, चेंडू अचूक ठेवण्यात तो १९८१ ते १९९० अशी सलग दहा वर्षे टूरवर पहिला होता. वर्षातल्या फटक्यांच्या सर्वांत कमी सरासरीसाठी दिला जाणारा पुरस्कार त्याला १९८४ मध्ये मिळाला. त्या पुरस्काराला नाव वार्डनचे आहे. ज्या हाताने हा खेळ जमणारच नाही असे कोणताही शिक्षक म्हणाला असता, त्याच हाताने पीटने जगातला सर्वांत सरळ फटका घडवला.

फर्गोल आणि पीट यांच्यामुळे सूचना खोटी ठरत नाही, तिचा गाभा उलट जास्त स्पष्ट होतो. त्यांचे कोपर वाकलेले होते आणि ते वाकलेलेच राहत असे. उभे राहताना जो कोन, वर गेल्यावर जवळजवळ तोच, चेंडूपाशीही तोच. त्यांच्या कंपासचा पाय आखूड होता, पण तो मधेच हलत नव्हता.

सरावासाठी प्रचलित उपायांपैकी कोपरावर चढवायच्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या आणि नळ्या आम्हाला कमी उपयोगाच्या वाटतात, कारण त्या हात बांधून ठेवतात आणि पाठ आहे तिथेच राहते. त्यापेक्षा डाव्या काखेत छोटा टॉवेल दाबून अर्धे स्विंग करणे चांगले : दंड छातीला चिकटून राहतो आणि हात मागे न्यायला खांदेच फिरवावे लागतात. फक्त डाव्या हाताने छोटा आयर्न, म्हणजे धातूच्या चपट्या टोकाचा क्लब, हळू फिरवणे हाही जुना आणि चांगला सराव. वय वाढले, पाठ आखडली, की तीन चतुर्थांश बॅकस्विंग पुरेसा धरावा. स्पेनचा जॉन राम ऐन भरात असाच आखूड बॅकस्विंग घेऊन दोन मेजर, म्हणजे सर्वांत मानाच्या चार स्पर्धांपैकी, स्पर्धा जिंकला आहे. पोट किंवा छाती आड येत असेल तर डावी टाच थोडी उचलू द्यावी, कंबर मोकळी फिरते आणि हाताला लांब राहायला जागा मिळते.