ऑफिसमधलं बाइंडिंग मशीन : निवड आणि वापर

बाइंडिंग मशीन म्हणजे सुट्या कागदांच्या कडेला भोकं पाडून किंवा गोंद लावून त्यांची पुस्तिका करणारं टेबलावरचं यंत्र. रिपोर्ट, टेंडर, ट्रेनिंगचं मटेरियल, ऑडिटचे कागद असल्या कामांना ते लागतं. आपल्याकडे हे काम वर्षानुवर्षं कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे जातं, "स्पायरल करून द्या" म्हटलं की झालं, आणि महिन्याला दोन-चारच प्रती निघत असतील तर आजही तेच बरं, मशीन आणून धूळ खात ठेवण्यात काही अर्थ नाही. पण कागद गोपनीय असतील, किंवा टेंडर भरायच्या आदल्या रात्री आठ वाजता एक पान बदलायची वेळ येत असेल, तर मशीन ऑफिसातच हवं.

निवडताना सगळे आधी किंमत बघतात. खरं तर आधी हे बघायला पाहिजे की बांधून झाल्यावर त्या कागदांचं पुढे काय होणार आहे. पानं नंतर बदलायची आहेत का, कोणी ती टेबलावर सपाट उघडी ठेवून वाचणार आहे का, कुरिअरने जाणार आहे का, की उलट कोणालाही पान काढता-घालता येऊ नये असंच हवंय. याचं उत्तर मिळालं की मशीनचा प्रकार जवळपास ठरतोच.

पानं बदलायची असतील तर कॉम्ब. अमेरिकेत १९४७ मध्ये सुरू झालेल्या जनरल बाइंडिंग कॉर्पोरेशन म्हणजे जीबीसी या कंपनीने ही पद्धत ऑफिसांमध्ये रुजवली. चौकोनी भोकं, प्लास्टिकची रिंग, ए-४ च्या लांबीला २१ दाते. मशीनचा दांडा ओढला की दाते उघडतात, कागद अडकवायचे, दांडा सोडला की दाते मिटतात, आणि उद्या सतरावं पान बदलायचं झालं तर तेच उलटं करायचं, रिंगसुद्धा पुन्हा वापरता येते. ६ मिमीच्या रिंगेत साधारण २० कागद बसतात आणि ५१ मिमीच्या रिंगेत ५०० च्या आसपास, म्हणजे जाडीच्या बाबतीत इतकी सोय दुसऱ्या कुठल्या रिंगेत नाही. तोटा एवढाच की पुस्तिका मागे पूर्ण दुमडता येत नाही, आणि बॅगेत किंवा कुरिअरच्या गठ्ठ्यात दाबली गेली की दाते उघडतात किंवा तुटतात.

वायरो म्हणजे चौकोनी किंवा गोल भोकांत धातूच्या दुहेरी तारेची रिंग दाबून बसवायची पद्धत. दिसायला सगळ्यात नेटका, क्लायंटला द्यायच्या प्रेझेंटेशनला लोक हाच घेतात, आणि पूर्ण दुमडतोही. पण घेताना एक गोष्ट दुकानदार बहुतेक वेळा आपणहून सांगत नाही. वायरोची भोकं दोन मापांची असतात, इंचाला तीन आणि इंचाला दोन. तीनवाल्या मशीनवर १४.३ मिमीपर्यंतचीच वायर चालते, म्हणजे ढोबळमानाने सव्वाशे कागद, त्याहून जाड काही करायचं असेल तर दोनवालं मशीन लागतं आणि एकाच्या भोकात दुसऱ्याची वायर बसत नाही. म्हणून आपला सगळ्यात जाड रिपोर्ट किती पानांचा असतो हे आधी मोजावं. वायर गठ्ठ्याच्या जाडीपेक्षा साधारण ३ मिमी मोठी घ्यायची. वायरचा सांधा लपवायला एक चांगली युक्ती आहे, मागचं कव्हर आधी पहिल्या पानाच्या वर ठेवायचं, वायर दाबून बंद करायची आणि मग ते कव्हर फिरवून मागे न्यायचं, सांधा आपोआप शेवटचं पान आणि कव्हर यांच्यामध्ये जातो.

स्पायरल सगळ्यांच्या ओळखीचा. गोल भोकांतून पीव्हीसीची गुंडाळी फिरवत न्यायची आणि दोन्ही टोकं पकडीने कापून आत वळवायची. टोक नीट वळवलं नाही तर गुंडाळी हळूहळू सरकत बाहेर येते. दाबला तरी पुन्हा सरळ होतो, त्यामुळे साइटवर, वर्कशॉपमध्ये, विद्यार्थ्यांच्या दप्तरात टिकणारा हाच.

थर्मलमध्ये भोकं नसतातच. कव्हरच्या पाठीत गोंदाची पट्टी असते, कागद नीट ठोकून आत उभे करायचे, मशीन ती पट्टी वितळवतं, मग गार होईपर्यंत हात लावायचा नाही. कव्हरची पाठ गठ्ठ्याच्या जाडीइतकीच हवी, सैल असली तर मधली पानं निसटतात. चकचकीत कोटेड कागदाला हा गोंद तितकासा धरत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं, पंच. बाइंडिंगमधली खरी मेहनत रिंग घालण्यात नसते, भोकं पाडण्यात असते. मशीनवर "२० शीट" लिहिलेलं असतं ते ७०-८० जीएसएमच्या (चौरस मीटरला इतके ग्रॅम वजनाच्या) साध्या कागदाचं, आणि रोजच्या कामात त्याच्या अर्धे ते पाऊणच कागद एका वेळी घालावेत, हाताला त्रास कमी आणि भोकं पाडणाऱ्या पिनाही जास्त टिकतात. हिशेब करून बघा, २०० कागदांच्या पाच प्रती म्हणजे हजार कागद, दर वेळी दहा घातले तर शंभर वेळा दांडा ओढायचा, आणि तोही ऑफिसातला एकच माणूस ओढत असतो! असं काम दर आठवड्याला असेल तर इलेक्ट्रिक पंच घ्यावा, त्यात चैन काही नाही, त्या माणसाच्या खांद्याचा विचार आहे. दुसरं म्हणजे पिना एकेक बंद करता येतात का हे दुकानातच बघावं, नाहीतर ए-५ किंवा लीगल कागद आला की कडेला अर्धं भोक पडतं आणि पान तिथूनच फाटतं. भोकाचं कडेपासूनचं अंतर बदलता येत असेल तर उत्तम, पातळ गठ्ठ्याला कमी, जाडाला जास्त. प्लास्टिकचं कव्हर, ज्याला सगळे ओएचपी शीट म्हणतात, ते एकेकटं आणि सोबत दोन-तीन कागद घेऊनच पंच करावं. आणि प्रत्येक वेळी आधी एका रद्दी कागदावर भोकं पाडून बघायची, मार्गदर्शक पट्टी कोणीतरी हलवलेली असतेच.

प्रिंट काढायच्या आधीच डावीकडे जागा सोडायला हवी, निदान अडीच सेंटिमीटर. सुप्रीम कोर्टाने २०२० मध्ये ए-४ कागद दोन्ही बाजूंनी छापायचं ठरवलं तेव्हा डावी-उजवी दोन्ही समास ४ सेंटिमीटर ठेवायला सांगितले, कारण उलट्या बाजूला बांधणीची कड उजवीकडे येते. ऑफिसातल्या पाठपोट रिपोर्टलाही हेच लागू आहे, नाहीतर भोक थेट आकड्यांच्या रकान्यात पडतं.

जिथे पान बदलताच येऊ नये तिथे यातली कुठलीही रिंग चालत नाही. बऱ्याच सरकारी निविदांच्या अटींत स्पायरल किंवा सुटे कागद चालणार नाहीत, हार्ड बाउंडच हवं असं स्पष्ट लिहिलेलं असतं. कंपन्यांच्या बैठकांची मिनिट्स सुट्या पानांवर ठेवली असतील तर तीही आर्थिक वर्षाच्या हिशेबाने वेळोवेळी बांधून घ्यावी लागतात. असं काम बाइंडरकडेच द्यावं, शिवून आणि पुठ्ठा लावून.

देखभाल फार नाही. चुऱ्याचा ट्रे भरायच्या आत रिकामा करा, भरला की चुरा मागे दाटतो, पिना अडकतात आणि लोक डाय (पिना ज्यात बसतात तो साचा) बिघडली समजून मेकॅनिक बोलावतात. पिना जड व्हायला लागल्या तर मेण लावलेला कागद दोन-तीनदा पंच करावा. पावसाळ्यात मुंबई-कोकणात कागद ओल धरतो, फुगतो, कडा वळतात आणि भोकं फाटकी येतात, म्हणून रीम उघडी ठेवू नये आणि जून ते सप्टेंबर एका वेळी आणखी दोन कागद कमी घालावेत. वायरोची रिळं तर समुद्राजवळच्या ऑफिसात झाकूनच ठेवावीत, कापलेल्या टोकाला गंज आधी धरतो.